पिवळ्या चिठ्ठीचे उंदीर

९ फेब्रुवारी

दादा,

म्हणजे फिरून फिरून तू तिथेच आलास. चार ओळींचं पत्र, आणि त्यातल्या तीन ओळी ‘तू मला पोत्यासारखा खांद्यावर टाकून नेलंस’ याच. अरे, तू शिडीवरून पाठीवर पडलेला, पंप तुझ्या शेजारी फुटून पडलेला, ज्यांच्या टाकीचं काम होतं त्या बाई किंचाळतायत, आणि तू म्हणतोयस, “उचल मला, उचल.” मी काय करायला हवं होतं? फळी शोधत फिरायला? कण्याला मार बसलेल्या माणसाला फळीवर सपाट घेतात, हे मला कुठून ठाऊक असणार? सहावीत शाळा सोडली मी. आणि तुला तरी ठाऊक होतं का? ‘उचल’ तूच म्हणालास. हे मात्र तुझ्या एकाही पत्रात नसतं.

राहू दे. फोनवर हा विषय निघाला की मी ओरडतो, मग तू ओरडतोस, मग फोन बंद, आणि पुढचे पंधरा दिवस तू उचलत नाहीस. कागद बरा. तू फाडलास तरी वहिनी आधी वाचते, हे मला माहीत आहे.

दुसरं, मी पळालो. हो, पळालो. तू पडलास त्याला चौदा महिने झाले. त्यातले पहिले सहा महिने तुझे पाय सकाळ-संध्याकाळ मीच हलवले. इस्पितळातल्या व्यायामवाल्या ताईने शिकवलं होतं तसं, वीस वेळा डावा, वीस वेळा उजवा. आणि तू छताकडे बघत म्हणायचास, “पिळतोयस काय, धुणं आहे का ते?” मला भोवरा हे नाव तूच ठेवलंस ना? भोवरा एकाच जागी फिरत राहिला तर जमिनीला खड्डा पाडतो. पडायच्या आत निघालो.

आता तिसरी गोष्ट, जी तू विचारलेली नाहीस. औषधांच्या कंपनीत आहे असं मी घरी सांगितलं होतं. तसं नाही. मी उंदरांचे पिंजरे साफ करतो. हसून घे, मग पुढचं वाच.

ही एक मोठी संशोधन संस्था आहे. पुढच्या इमारतीत डॉक्टर, मागच्या इमारतीत उंदीर. मागच्या इमारतीला खिडकी नाही, बाहेर ऊन असो की थंडी, आत हवा एकसारखी. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, खोलीत लोखंडी मांडण्या आणि मांडणीवर प्लास्टिकचे पिंजरे. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, वजनं लिहायची. आणि आमच्या खोलीतले उंदीर, दादा, तुझ्यासारखे आहेत. आमच्या खात्याच्या मोठ्या डॉक्टरीण आहेत, सगळे त्यांना बाई म्हणतात. त्या उंदराला भूल देऊन त्याच्या कण्यातल्या दोरीला नेमका मोजून मार देतात. मज्जारज्जू म्हणतात त्या दोरीला. मागचे पाय लगेच जातात. मग अर्ध्यांना एक नवीन औषध टोचतात आणि अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते एका बंद पाकिटात. बाईंनासुद्धा माहीत नाही, म्हणजे मनात धरून कोणाला जास्त गुण द्यायला नकोत. पिंजऱ्यावर फक्त चिठ्ठी: पिवळी किंवा पांढरी. पिवळ्या चिठ्ठीची मांडणी माझ्याकडे, पांढऱ्या चिठ्ठीची पहिलवानाकडे. पहिलवान म्हणजे माझा जोडीदार, वजन अठ्ठेचाळीस किलो.

या उंदरांना लघवीही आपणहून होत नाही. दिवसातून दोनदा एकेकाला हातात धरून, पोट हलकं दाबून ती काढावी लागते. जोर जास्त झाला तर पिशवी फुटते, कमी झाला तर लघवी आत राहून सडते. तू म्हणायचास, “तुला माझी नळीसुद्धा धड धरता येत नाही.” इथे बारा उंदीर आहेत माझ्याकडे, दीड महिन्यात एकालाही ताप नाही. आणि उंदीर हातात असतोच, तर माझे हात गप्प बसत नाहीत हे तुला ठाऊक आहे. त्याचे मागचे पाय जरा हलवतो, तुझे हलवायचो तसे. तो धुण्याबिण्याचं काही बोलत नाही.

पत्र लिहायला बसलो ते पुढच्या गोष्टीसाठी. पिवळ्यांनी पाय टाकायला सुरुवात केली आहे. आधी नुसता घोटा हलायचा, आता पंजा टेकवून अंग उचलतात. पांढरे अजून मागचं अंग फरफटत नेतात. पाकिटात काय आहे ते फोडून बघायला नको, औषध पिवळ्यांत आहे. दादा, तुझी दोरी जुळणार. तू चालणार. मी लिहून देतो.

तुझा भोवरा


२ मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. आधी वाटलं, दुसऱ्याचं चुकून आलं. वर ‘प्रिय भावास’, खाली ‘प्रकृतीला जप’, आणि मध्ये शिवी एकही नाही. पहिलवानाला दाखवलं तर तो म्हणाला, “तुझ्या भावाला पैसे हवे असणार.” मी म्हटलं, तसा नाही तो. पैसे हवे असले की जास्त शिव्या देतो.

तू औषधाचं नाव विचारलंस. ते आम्हाला सांगत नाहीत, बाटलीवर नुसता आकडा असतो. पण तू जे पुढे लिहिलंस त्याने मी जरा चरकलो. कोणी एक कोट घातलेला माणूस तुझ्याकडे येऊन बसतो, बॅगेतून फोटो काढून दाखवतो, त्याच्या दवाखान्यात कण्यात पाच सुया देतात आणि माणूस काठीवर घरी जातो. तू त्याला माझं पत्र दाखवलंस आणि तो म्हणाला, हे तर आमचंच औषध. लगेच म्हणाला ना? पत्र संपायच्या आत म्हणाला असेल.

मी बाईंना विचारलं. मुद्दाम बोळात गाठून विचारलं. त्या सहसा चिडत नाहीत, पण तेव्हा चिडल्या. म्हणाल्या, माणसाला देता येईल असं औषध अजून आमच्याकडे नाही, दुसऱ्या कोणाकडे असल्याचं मी ऐकलेलं नाही. जो विकतोय तो पाणी विकतोय, किंवा पाण्याहून वाईट काहीतरी. कण्यात भलतंच गेलं तर आहे तेही जाईल.

हे तुला कळवायचं म्हणून कळवलं. आता माझं मत. बाई सावध माणूस आहेत. पाकीट फुटेपर्यंत त्या ‘आज सोमवार आहे’ असंही ठाम सांगणार नाहीत. मी मात्र रोज डोळ्यांनी बघतो. पिवळ्यांतला एक आहे, त्याला मी शेठ म्हणतो कारण तो खाऊन पडून असायचा. तो काल मागच्या दोन पायांवर उभा राहून पाण्याच्या बाटलीला लागला. पंपाची मोटार जळली तर आपण जळकी तार काढून नवी भरतो, तसंच हे असणार, असं तू लिहिलंयस. मलाही तसंच वाटतं.

आणि तू पत्राच्या शेवटी विचारलंस, “तुझं काय मत?” ते मी दोनदा वाचलं. तुझ्या हाताखाली नऊ वर्षं आपल्या वर्कशॉपात मोटारींचं वाइंडिंग शिकलो, तेवढ्यात तू मला एकदाही हे विचारलं नव्हतंस. माझं मत हे: औषध खरं आहे, पण सुईवाल्याला हात लावू नको. वीस मार्चला आमच्याकडे उंदरांची परीक्षा आहे. तोवर थांब. चौदा महिने थांबलास, अजून अठरा दिवस.

भोवरा


२० मार्च

दादा,

वहिनीचा फोन आला. आपलं वर्कशॉप शेजारच्या गोदामवाल्याला विकायचं ठरलं, चाळीस हजार इसार घेतला आणि तो त्याच दिवशी सुईवाल्याला बुकिंग म्हणून दिला. खरेदीखताची सही मेच्या पाच तारखेला. ती रडली नाही. नुसती म्हणाली, “भावजी, तुमचं पत्र त्यांनी उशाशी ठेवलंय. आल्यागेल्याला वाचून दाखवतात.”

मी तुला थांब म्हटलं होतं.

आज परीक्षा झाली. एका मोठ्या गोल टबात एकेक उंदीर चार मिनिटं मोकळा सोडतात, दोन डॉक्टर बाजूला बसून त्याची चाल बघतात आणि एकवीसपैकी गुण देतात. शून्य म्हणजे पाय मेलेला, एकवीस म्हणजे धडधाकट. पिवळे अकरा, बारा, एक तेरा. पांढरे सहा-सातच्या वर गेले नाहीत. एक तरुण डॉक्टर तर टाळ्या वाजवायला लागला. बाई हसल्या नाहीत, पण सगळ्यांना चहा सांगितला, आम्हाला दोघांनासुद्धा. चहा घेताना पहिलवान सगळ्यांसमोर म्हणाला, “गुण याच्या पिवळ्यांना पडणारच. हा त्यांचा मालिशवाला आहे. माझे पांढरे बिचारे अनाथ.” सगळे हसले. मीही हसलो.

दादा, सही करू नकोस. का ते मला आत्ता लिहिता येत नाही. मला आधी एक गोष्ट बघायची आहे.

भोवरा


२५ मार्च

दादा,

आता सरळ लिहितो. नीट बसून वाच, आणि सुईवाला समोर असेल तर त्यालाही वाचून दाखव.

पहिलवान ते बोलला तेव्हाच मी हसता हसता मोजायला लागलो होतो. मांडण्या दोन, चिठ्ठ्या दोन, आणि हात पण दोन जातींचे. पिवळ्यांना माझे हात लागले, पांढऱ्यांना पहिलवानाचे. पहिलवान लघवी काढतो आणि पिंजरा बंद करतो, त्याचं काम तेवढंच आणि त्याचं बरोबर आहे. मी मात्र तीन महिने, दिवसातून दोनदा, बाराच्या बारा उंदरांचे पाय हलवत बसलो होतो. मग गुण कोणाचे? औषधाचे का माझ्या हातांचे?

तीन दिवस गप्प बसलो. खोटं कशाला सांगू. वाटलं, कोणाला कळणार आहे. औषध चांगलं असेलच, मग माझ्या चार उठाठेवींनी काय बिघडतं? खात्यात सगळे मला बघून मान हलवत होते, एका डॉक्टरने नाव विचारून घेतलं. आणि तिकडे माझं पत्र तुझ्या उशाशी. चौथ्या दिवशी सकाळी बाईंच्या दारात जाऊन उभा राहिलो.

त्यांनी सगळं ऐकलं. मग एकेक विचारायला लागल्या.

“रोज?”

“रोज. दोन्ही वेळा.”

“किती?”

“वीस डावा, वीस उजवा.”

“सगळ्या पिवळ्यांचे?”

“हो.”

“पांढऱ्यांचे?”

“ते पहिलवानाकडे असतात.”

बाई पेनाचं टोपण काढत होत्या आणि लावत होत्या. मग म्हणाल्या, “हे करायला तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, कोणी नाही. घरी भाऊ आहे, त्याचे हलवायचो. हाताला सवय.

त्यांनी मला बस म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. आकडेवाल्या सरांना बोलावलं. सगळ्या प्रयोगांची पाकिटं त्यांच्या कपाटात असतात. पाकीट माझ्यासमोर फोडलं. सरांनी वाचलं आणि कागद बाईंकडे दिला. बाईंनी वाचला आणि माझ्याकडे फिरवला, जसं काही मला सगळं कळणार होतं. पण एवढं कळलं. पिवळे: मिठाचं पाणी.

मला वाटलं कागद उलटा धरलाय. पुन्हा वाचला. पिवळ्यांना मिठाचं पाणी, पांढऱ्यांना औषध. ज्यांना औषध होतं ते फरफटत होते, आणि माझा शेठ मिठाच्या पाण्यावर उभा राहिला होता.

मी म्हटलं, म्हणजे औषध वाईट? बाई म्हणाल्या, “नाही. औषध वाईट असं नाही, तुझे हात चांगले असंही नाही. आम्हाला काहीच कळलं नाही, एवढाच अर्थ. सगळा प्रयोग पहिल्यापासून करायचा.” मग म्हणाल्या, “उंदीर सांभाळणारे हात आळीपाळीने बदलायला हवे होते. ते माझं चुकलं.” असं त्या आकडेवाल्या सरांच्या देखत म्हणाल्या. मी मोठ्या माणसाला असं म्हणताना पहिल्यांदा बघितलं.

मला त्या खोलीतून काढलं. आता मागे धुण्याच्या खोलीत आहे, पिंजरे यंत्रात घालायचे आणि काढायचे. दिवसभर वाफ. पगार कमी. मिशा कायम ओल्या.

दादा, मी तुला लिहून दिलं होतं. ते परत घेतो. औषधाने कोणी चाललेलं नाही, आणि सुईवाला जे विकतोय ते औषधही नाही. माझं पत्र फाड. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर हे दाखव.

भोवरा


९ एप्रिल

दादा,

“तू मला दोनदा पाडलंस. एकदा शिडीखाली, एकदा पत्रातून.” तुझ्या पत्रात एवढंच. बाकी शिव्याही नाहीत. शिव्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याला माझं उत्तर असं. दुसरं खरं आहे. ते कबूल करून झालं. पहिल्याचं बाईंना विचारलं. मी म्हटलं, मार बसलेल्या माणसाला खांद्यावर टाकून नेलं तर वाढतं का? त्या म्हणाल्या, वाढू शकतं. तुझ्या भावाचं वाढलं का, ते आता कोणालाही सांगता यायचं नाही. म्हणजे उरलेली सगळी वर्षं तू म्हणणार वाढलं, आणि मी म्हणणार नाही वाढलं. मला ते नको. असेल, दादा. माझ्याने वाढलं असेल. तू ‘उचल’ म्हणाला होतास हे मी यापुढे लिहिणार नाही.

आता काम.

प्रयोग संपला की उंदरांना झोपवतात. ते मला आधी ठाऊक नव्हतं, म्हणजे ठाऊक होतं पण विचार केला नव्हता. शेठ पण गेला. मग त्यांच्या कण्यातली दोरी काढून, तिच्या कागदाहून पातळ चकत्या कापून काचेवर ठेवतात. परवा बाईंनी मला धुण्याच्या खोलीतून बोलावलं. म्हणाल्या, तू बिघडवलंस, तर काय बिघडवलंस ते बघ. बारीक ते मोठं दाखवणाऱ्या यंत्राला डोळा लावायला लावला. आधी पांढऱ्याची चकती, मग पिवळ्याची. दादा, दोन्हीत भोक सारखंच. मधोमध मोठं थोरलं भोक, आणि कडेला दोरीची बारीकशी पट्टी उरलेली, नखाच्या कडेएवढी. मी म्हटलं, पिवळ्याची जुळलेली दिसत नाही. त्या म्हणाल्या, “जुळलेली नाहीच. तुटलेलं तुटलेलंच आहे. जे शिल्लक राहिलं ते कामाला लागलं असेल.” लगेच म्हणाल्या, “असेल, म्हणते मी.” त्यांना ‘असेल’ खूप आवडतं. मला आता कळतंय का ते.

वहिनीने तुझ्या रिपोर्टचे फोटो पाठवले होते ते दाखवले. बाई आधी बघेचनात, म्हणाल्या, मी उंदरांची डॉक्टर, माणसांची नाही. मग बघितले. दुसऱ्या पानावर खाली लिहिलंय, ‘इजा अपूर्ण’, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला स्पर्श कळतो. तू हे वाचलंयस का? मी नव्हतं वाचलं. आपण पहिलं पान वाचून फाईल बंद केली होती, कारण पहिल्याच पानावर सगळं संपलं असं वाटलं. मी विचारलं, चालेल का? त्या म्हणाल्या, “चालेल असं मी म्हणणार नाही. वर्षाहून जास्त झालंय. पण उरलेलं वापरलं नाही तर तेही जाईल. हे मी ‘असेल’ लावून सांगत नाहीये.”

तेव्हा मी पण चालशील असं म्हणत नाही. मी हे म्हणतो. पलंगावरून खुर्चीत तू स्वतः जायचंस. वहिनीची कंबर आधी मोडेल नाहीतर. दोन लोखंडी पाइप कमरेच्या उंचीला समांतर ठोकायचे आणि त्यांत धरून उभं राहायचं, पहिल्या दिवशी दहा आकडे मोजेपर्यंत, पट्टे बांधून, व्यायामवाल्या ताईला शेजारी उभी करून. तिला फोन कर. तू तिला हाकलून दिलंस तेव्हा काय बोललास ते वहिनीने मला सांगितलंय. माफी माग. मला मागायला लागली तर तुला का नको.

आणि वर्कशॉप विकायचं नाही. विकून सुईवाल्याकडे गेलास आणि जसा गेलास तसाच परत आलास, तर बसशील कुठे? अरे, वाइंडिंग हे बसून करायचं काम आहे. सगळ्या गावात उभ्याने करायचे धंदे आहेत आणि नशिबाने आपला नाही. बाकडं खाली उतरवून घे, चाकाची खुर्ची आत जाईल एवढं. तुझे पाय गेले, हात गेलेले नाहीत. तुझ्यासारखी कॉइल अजून कोणाला भरता येत नाही, हे मी नऊ वर्षं तुझ्याकडून ऐकत आलो आणि मनातल्या मनात शिव्या देत आलो, पण ते खरं आहे.

तू म्हणशील, स्वतः पळालास आणि तिकडून शहाणपण शिकवतोस. शिकवतो. इथून शिकवतो कारण समोर असतो तर तू उशी फेकून मारली असतीस. सही केलीस तर मात्र येईन, आणि गोदामवाल्याच्या दारात आडवा होईन. मग आपण दोघं भाऊ आडवे.

भोवरा


२६ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. पहिलं, सुईवाला बुकिंग परत देत नाही म्हणतो, आणि इसार पाच तारखेच्या आत परत केला तर गोदामवाला कागद फाडायला तयार आहे. दुसरं, “किती वेळा हलवायचास?”

मी ते दुसरं वाक्य कितीदा वाचलं ते सांगत नाही. पहिलवानालाही दाखवलं नाही.

उत्तर लिहितो, वहिनीला मोठ्याने वाचायला सांग. सकाळी वीस डावा, वीस उजवा. संध्याकाळी तेवढेच. टाच तळहातात, दुसरा हात गुडघ्याखाली. आधी गुडघा छातीकडे, मग सरळ, मग घोटा वर-खाली. पाय ताठला, थरथरायला लागला, तर ओढायचं नाही. तिथेच धरून थांबायचं, आपोआप सुटतो, सुटला की पुढे. झाल्यावर टाचा आणि बूड बघायचं, कुठे लाल दिसलं तर त्या बाजूवर झोपायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तू छताकडे बघायचं नाहीस. पायाकडे बघायचं, आणि पाय हलवायचा आहे असं मनात धरायचं, हलो की न हलो. उंदरांना हे मला सांगता येत नव्हतं. तुला येतं.

हे सगळं मला एवढं पाठ आहे कारण बाईंनी मला पुन्हा बोलावलं होतं. एक मेलेला उंदीर समोर ठेवून म्हणाल्या, नेमकं कसं हलवायचास ते दाखव. मी दाखवलं, त्यांनी लिहून घेतलं, मध्येच थांबवून विचारायच्या, जोर किती, वेळ किती. पुढच्या फेरीत हात आळीपाळीने बदलणार आहेत, आणि उंदरांचे चार गट: औषध आणि हात, नुसतं औषध, नुसते हात, आणि काहीच नाही. मला म्हणाल्या, तू येणार का त्या खोलीत परत? मी म्हटलं, येईन. म्हणाल्या, घड्याळ लावून करावं लागेल, तुझ्या मनाने एकही जास्त नाही. मी म्हटलं, बरं. सध्या मात्र त्या खोलीच्या दारावर नवी पाटी लावली आहे, ‘सांगितल्याशिवाय पाय हलवू नयेत’, आणि पहिलवान माझ्याकडे बघून ती रोज सकाळी मोठ्याने वाचतो.

वहिनी फोनवर म्हणाली, चार दिवस झाले ती तुझे पाय हलवतेय आणि तू तिला म्हणालास, “भावजी तुझे बरे होते, तुझ्यापेक्षा कमी पिळायचे.” मी हसलो तर ती म्हणाली, हसू नका, कालपासून मला पण शिव्या सुरू झाल्यात. मी म्हटलं, वहिनी, मग चांगलं चाललंय.

मी आत्ता येत नाही. येऊन मी तुझे पाय हलवीन आणि महिन्याने आपण दोघं भांडून उठू, आणि पगारही बुडेल. खोलीत परत गेलो की तिथली फेरी सप्टेंबरात संपते. तेव्हा रजा आहे. तोवर पाइप ठोकून झालेले असले पाहिजेत. ठोकणाऱ्याला सांग, तळाला चौकोनी पट्टी वेल्ड कर, नुसते जमिनीत गाडले तर हलतील.

इथे येताच घेतलेली जुनी मोटरसायकल विकली. कुठे जायचं मनात आलं की लगेच निघता यावं म्हणून ठेवली होती. ते पैसे इसार परत करायला पाठवतोय, कमी पडले ते पहिलवानाकडून घेतले, तो व्याज घेत नाही, फक्त त्याच्या वाट्याचे पिंजरे मी धुवायचे. पाच तारखेच्या आधी गोदामवाल्याला स्वतः जाऊन दे. खुर्चीतून जा. वहिनीला पुढे घालू नकोस, ज्याने सही ठरवली त्यानेच मोडायची. कागद समोर फाडून घे. वर जास्त टाकले आहेत ते वार्निशच्या डब्याचे, वहिनी म्हणाली जुन्या डब्याचं झाकण उघडं राहून वार्निश वाळून दगड झालंय. वार्निशाशिवाय कॉइल बाहेर द्यायची नाही, हे तूच शिकवलंस.

इसाराचे चाळीस हजार आणि वार्निशचे बाराशे. एकूण एक्केचाळीस हजार दोनशे.